मैना गेली, आणि बाजी चंदीला तोंड लावत नाहीये

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच लिहितेय, लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमची घोडी मैना गेल्या आठवड्यात गेली. आमची म्हणजे मी आणि एक मैत्रीण, दोघींनी मिळून अकलूजच्या बाजारातून घेतलेली. भूगावच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतावर दोन घोडे असतात आमचे, मैना आणि बाजी. शर्यतीबिर्यतीचं काही नाही, शनिवार-रविवार रपेट मारायची, पोरांना बसवायचं, बाकी आठवडाभर सगळं घोडे सांभाळणाऱ्या सईसमामांच्या हवाली. मैना काळी कुळकुळीत, कपाळावर चांदणी, आणि आगाऊ इतकी की जॅकेटच्या खिशातला गूळ काढायला चेन दाताने उघडायची.

संध्याकाळी मामांचा फोन आला की मैना चंदी, म्हणजे रोजचा दाणा, खाईना, पुढच्या पायाने जमीन उकरतेय आणि सारखी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतेय, सकाळपासून लीद नाही. मी कोथरूडहून निघाले, चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकायचं ते अडकलेच, पोचेपर्यंत ती घामाने निथळत होती, बसायची, उठायची, लोळायला बघायची, आणि मामा तिला धरून फिरवत होते. डॉक्टर आले. नाकातून नळी घातली तर हिरवट पाणी भसाभसा उलट आलं, बादली भरली. हिरड्या जांभळट, नाडी नव्वदच्या वर. दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं ते अर्धा ताससुद्धा पुरलं नाही. आत हात घालून तपासलं आणि म्हणाले मोठ्या आतड्याला पीळ पडलाय, ऑपरेशन केलं तरच, आणि तेही आत्ताच्या आत्ता. फोनाफोनी केली, त्या वेळेला कुठे सोय होईना, मुंबईला न्यायचं तर गाडी कधी येणार आणि घाटात ही उभी तरी राहणार का. डॉक्टर म्हणाले वाटेतच जाईल आणि हाल हाल होऊन जाईल. मग उजाडायच्या आत इंजेक्शन देऊन तिला मोकळं केलं. शेताच्या कडेला जेसीबीने खड्डा घेतला.

कुठे काय चुकलं हे विचारायला धागा काढलेला नाही, डॉक्टरांनी सगळं नीट समजावलंय. विचारायचंय ते पुढचं. एक म्हणजे बाजी. पहिल्या रात्री सारखा खिंकाळत होता, आता गप्प झालाय, मैनेच्या ठाणाकडे, म्हणजे तिला बांधायच्या जागेकडे, तोंड करून उभा असतो, चंदीला तोंड लावत नाही, गवत चघळल्यासारखं करतो. घोड्यांना असं होतं का? लगेच दुसरी घोडी आणावी का? दुसरं म्हणजे सईसमामा. खड्डा बुजवून झाला, त्यांनी पिशवी भरली आणि गावी गेले, फोन उचलत नाहीत. सध्या शेतमालकांचा मुलगा पाणी-गवत बघतोय.

आणि एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या दिवशी जवळच्या बंगल्यातले एक गृहस्थ आले, मला वाटलं भेटायला आले, तर म्हणे "काळ्या घोडीची नाल मिळेल का? शनीसाठी. वापरलेली असली तर उत्तम."

पेठेतला_प्राणी

ताई फार वाईट वाटलं वाचून. त्या नालवाल्यांना सांगा रविवारी जुन्या बाजारात जा म्हणावं, ढिगाने पडलेल्या असतात, कुठल्या रंगाच्या घोड्याच्या ते शनीला विचारून घ्या.

नांदा_सौख्यभरे

😔 आमचा कुत्रा गेला तेव्हा मी बरेच दिवस ऑफिसात डबा उघडला नव्हता. घोडी म्हणजे तर केवढा जीव. काळजी घे गं.

खूर_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, घोड्यांचं काम बरंच केलंय, म्हणून आधी बाजीबद्दल. जोडीदार गेला की घोडा अस्वस्थ होतो, हाका मारतो, खाणं कमी करतो, हे खरंय. पण खाणं सोडलंय म्हणजे दुःखच असेल असं धरून चालू नका. आज पहिलं काम थर्मामीटर. शेपटीखालून लावायचा, त्याला दोरा बांधायचा नाहीतर आत जातो आणि मग मलाच बोलावता, आणि मागे नाही तर बाजूला, अंगाला चिकटून उभं राहायचं. ९९ ते १०१ फॅरनहाइट म्हणजे ठीक. मग नाडी. जबड्याच्या खालच्या कडेवर बोटं फिरवलीत की दोरीसारखी शीर लागते, तिथे मोजा. उभ्या, शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. हिरडी अंगठ्याने दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. लीद किती पडली तेही बघा. हे सगळं कळवा, मग दुःखाचं बोलू.

आता मैनेबद्दल, कारण हे वाचणाऱ्या इतर घोडेवाल्यांना उपयोग होईल. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं तोंडावाटे परत येत नाही, म्हणून पुढे वाट बंद झाली की जठर फुगत जातं आणि फुटूही शकतं. नळी त्यासाठीच घालतात. आणि मोठं आतडं तीन-चार मीटर लांब, पण पोटात बांधलेलं असतं फक्त मुळाशी, बाकी सगळं दुमडून मोकळं ठेवलेलं. गॅसने फुगलं की ते फिरू शकतं. फिरलं की रक्तपुरवठा तुटतो, विष अंगभर पसरतं, आणि मग हातात काही तासच असतात. नव्वदची नाडी, जांभळ्या हिरड्या आणि औषधाला न जुमानणारी कळ, हे तिन्ही एकत्र दिसलं की आम्हालाही कळतं गाडी कुठे चाललीय.

लोळल्यामुळे पीळ पडतो असं सगळे सईस सांगतात. बऱ्याचदा पीळ आधी पडलेला असतो, लोळणं त्या कळेने होतं. थोडं फिरवायला हरकत नाही, पण रात्रभर पळवत ठेवून दमवू नका.

स्पष्टवक्ता_७२

रागावू नका पण मला हे इंजेक्शन प्रकरण पटलेलं नाही. माणसाला देतो का आपण असं? तडफडला तरी शेवटपर्यंत सेवा करतोच ना? जनावराला बोलता येत नाही म्हणून आपण ठरवायचं? आमच्या आजोबांकडे बैल म्हातारे होऊन दावणीलाच मेले.

मुठाकाठची

काका, म्हातारपणाने दावणीला मरणं आणि आतडं पिळवटून मरणं यात फरक आहे हो. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीच म्हणाला असतात द्या लवकर.

कायद्याचं_बोला

स्पष्टवक्ता, प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा जो १९६० चा कायदा आहे त्यातच वाचण्याची आशा नसलेल्या, वेदनेने तळमळणाऱ्या जनावराचा अंत करायची तरतूद आहे, कलम १३ वाचा. पटवून घ्यायचं की नाही तो तुमचा प्रश्न, पण बाईंनी काही गैर केलेलं नाही.

दुसरं, कुणाच्या घोड्याचा विमा असेल तर पुरायच्या आधी शवविच्छेदन करून दाखला घ्या, नंतर कंपनी ऐकत नाही.

खूर_डॉक्टर

आणि इंजेक्शन दिलेलं जनावर उघड्यावर टाकायचं नाही, खोल पुरायचं, विहीर-ओढ्यापासून लांब. भुलीच्या औषधांचा अंश मांसात राहतो, कुत्री आणि गिधाडं ते खाऊन मरतात. डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाने गिधाडं कशी मेली सगळ्यांना ठाऊक आहे, २००६ साली जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. मनपा हद्दीत असाल तर आधी आरोग्य खात्याला फोन करा.

माळकरी

२०१८ च्या वारीत पालखी पुण्यात मुक्कामी असताना सोहळ्यातला हिरा अश्व गेला होता, कुणाला आठवतंय का? रिंगणात ज्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात तो घोडा. मोठमोठे बाप्ये, मिशीवाले, रस्त्यात उभे राहून रडत होते. तेव्हा कुणी म्हणालं नाही "घोडाच होता". मुठाकाठची, रडायचं असेल तेवढं रडा.

कॅम्पातला_पोरगा

मी इथे फक्त वाचत असतो, पहिल्यांदाच लिहितोय, मराठी टायपिंगला चुकलो तर सांगा.

माझे वडील रेसकोर्सला सईस होते. जुलै ते ऑक्टोबर पुण्याचा सीझन, तो संपला की घोड्यांबरोबर मुंबईला महालक्ष्मीला, आम्ही पोरं इथे आईजवळ. वडिलांना माझ्या शाळेची इयत्ता आठवायची नाही पण कुठल्या घोड्याच्या कुठल्या पायाला गेल्या वर्षी सूज होती ते आठवायचं. पहाटे चार वाजता खराऱ्याने अंग घासणं, मग वर्कला म्हणजे सरावाला, मग पाय धुणं, पट्ट्या बांधणं, दुपारी तबेल्यातच लवंडणं, म्हणजे दिवसाचे किती तास ते त्या जनावराच्या श्वासाच्या अंतरावर असायचे ते बघा. त्यांचा एक घोडा असाच पोटाने गेला. मालक आले, साहेब लोक आले, सगळे मालकांना सॉरी सर सॉरी सर करत होते. वडील बाजूला उभे, हातात रिकामी दोरी. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. आणि रात्री आईला त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही की आता दुसरा घोडा दिला नाही तर पगाराचं काय.

तर ताई, राग मानू नका, पण तुमच्या मामांना तुम्ही पगाराचं सांगितलंय का? एक घोडा राहिला म्हणजे आपली गरज संपली असं त्यांनी धरलं असेल. असल्या वेळेला मालक दुःखात असतो म्हणून सईस विचारत नाही, आणि सईस विचारत नाही म्हणून मालकाच्या लक्षात येत नाही. फोन लावताना "कसे आहात" नको, "बाजी तुमची वाट बघतोय आणि पगार आहे तसाच आहे" एवढंच सांगा. आणि उचलत नसतील तर गावी जा.

फौजी_खडकी

पोरगा बरोबर बोलला. फौजेत जनावरांबरोबर नोकरी काढली मी, खेचरं जास्त, घोडे कमी. आमच्यात नियम एकच, जनावर गेलं की उरलेल्यांचं टाइमटेबल मिनिटाने हलवायचं नाही. पाणी त्याच वेळेला, चंदी त्याच वेळेला, जमेल तर त्याच हाताने. आणि शक्य असेल तर जोडीदाराला मेलेलं जनावर हुंगू द्यायचं. काही हुंगून लगेच चरायला लागतात, काही तासभर हलत नाहीत, पण बहुतेक मग हाका मारायचे थांबतात. तुमच्या बाजीला दाखवलं होतं का?

मुठाकाठची

हो काका, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्याने मैनेच्या मानेपाशी नाक नेलं, एकदा फुरफुरला आणि मागे सरकला. हाका पहिल्या रात्रीनंतर थांबल्या खऱ्या.

@कॅम्पातला_पोरगा, पगाराचं मी बोललेच नव्हते, सुचलं नाही मला तेव्हा. मैत्रीण उद्या गाडी घेऊन मामांच्या गावी जातेय.

आणि डॉक्टर, ताप १०३.४. मागच्या पायांना खाली सूजही वाटतेय, मला वाटलं उभा राहून राहून आलीय. हिरड्या गुलाबी नाहीत, फिकट आहेत. नाडी ५२. लीद आहे, थोडी.

खूर_डॉक्टर

मग हे नुसतं दुःख नाही. आज रात्रीच्या आत तुमच्या डॉक्टरांना बोलवा, ताप चढलेला असतानाच रक्त घ्यायला सांगा आणि सर्रा या रक्तातल्या जंतूच्या रोगाचं नाव काढा. पावसाळ्यात आणि नंतर घोडमाश्या चावतात, एका जनावराचं रक्त दुसऱ्यात नेतात, गाई-म्हशीत तो जंतू लक्षण न दाखवता राहतो आणि घोड्याला मात्र खलास करतो. ताप येतो जातो, पाय आणि पोटाखाली सूज, रक्त कमी, घोडा झुरतो. ताप उतरल्यावर घेतलेल्या रक्तात तो सापडेलच असं नाही. औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, नमुना तिथे पाठवता येतो.

अश्वप्रेमी_पुणेरी

बापरे!! ग्लँडर्स तर नाही ना?? ग्लँडर्स निघाला तर सरकार घोडा मारतं म्हणे आणि आसपासचे सगळे घोडे तपासतात. आमचा तबेला त्याच रोडला आहे, मी आजच आमच्या ग्रुपवर टाकतो.

खूर_डॉक्टर

कृपया काही टाकू नका. ग्लँडर्समध्ये नाकातून चिकट शेंबूड, कातडीवर गाठी आणि फोड येतात, तो माणसालाही होतो, म्हणून कायद्याने कळवणं बंधनकारक आहे आणि खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. यातलं इथे काही दिसत नाही. सर्रा शेजारी उभं राहून लागत नाही, माशी लागते मध्ये. तुमच्या तबेल्यात लिदीचा ढीग असेल आणि माश्या असतील तर तो आज हलवा, ग्रुपवर ते टाका.

पेठेतला_प्राणी

धाग्यावर पहिल्यांदाच कुणीतरी लिदीबद्दल इतकं मुद्द्याचं बोललंय.

मुठाकाठची

अपडेट. सर्राच निघाला. डॉक्टरांनी रात्री काचपट्टीवर रक्त घेऊन तिथेच दुर्बिणीखाली बघितलं, मलाही दाखवलं, लाल पेशींच्या मधून एक वळवळणारं काहीतरी पेशींना ढकलत जातं. औंधचा रिपोर्ट नंतर आला, तोही तसाच. सर्रावरचं क्विनापायरामिनचं इंजेक्शन झालंय, वजनाचा अंदाज पट्टीने छाती मोजून घेतला कारण डोस जास्त झाला तरी वाईट म्हणे. दिलं तिथे मोठी गाठ आली, तोंडाला लाळ सुटली, अर्धा तास आम्ही सगळे घाबरून. आता ताप उतरलाय, गवत व्यवस्थित खातोय, चंदी अर्धी.

आम्ही सगळे त्याच्या गळ्यात पडून बिचारा मैनेसाठी झुरतोय म्हणत होतो आणि त्याच्या अंगात हे. म्हणजे झुरतही असेल, कोण जाणे, पण थर्मामीटरचं कुणी बोललं नसतं तर आठवडा असाच गेला असता.

मामा आलेत. मैत्रीण गेली तेव्हा घराच्या ओट्यावर बसले होते, मैनेचा खरारा बरोबर नेला होता त्यांनी, पिशवीतच होता. पोरग्याने लिहिलं तेच निघालं, त्यांना वाटलं एका घोड्याला कोण सईस ठेवतं. पगार तोच राहील म्हटल्यावर पण लगेच उठले नाहीत. म्हणाले ठाण बदला, त्या ठाणात मला झाडायला जमणार नाही. मग बाजीला दुसऱ्या टोकाला हलवलाय आणि जुन्या ठाणात गवताच्या पेंढ्या रचल्यात. बोलत नाहीत फारसं. काल नालबंद आला, दोन घोड्यांची तारीख दिलेली होती त्याला आधीच, कुणी कळवलंच नव्हतं. आठ नाला घेऊन आला होता. मामांनी त्याला शेतावर घेऊन जाऊन सगळं सांगितलं, मी लांबून बघत होते, तासभर दोघं बोलत बसले. आमच्याशी नाही बोलले तेवढं त्याच्याशी बोलले.

कॅम्पातला_पोरगा

बरं झालं ताई. नालबंदाशी बोलणारच ते. तो मैनेचे पाय ओळखत होता.

स्पष्टवक्ता_७२

इंजेक्शनबद्दल माझं मत आहे तिथेच आहे. पण मामांचा पगार चालू ठेवलात हे उत्तम केलंत. बाजीला माझ्याकडून गूळ द्या.

खूर_डॉक्टर

गूळ सध्या नको. रक्त भरून यायला काही आठवडे जातील, रपेट बंद, आणि रक्ताची फेरतपासणी करा, हा जंतू दबून राहून परत डोकं काढतो.

दुसऱ्या घोडीचं विचारलं होतंत. घोडा कळपातलं जनावर आहे, एकटा कायमचा ठेवू नये. पण बाजी पूर्ण बरा होईपर्यंत घाई नको, आणि येईल ते जनावर आधी रक्त तपासून, वेगळं बांधून. तुमचीही घोडी बघायची मनःस्थिती नसेल आत्ता. तोवर शेळी किंवा गाढवसुद्धा चालतं सोबतीला.

मुठाकाठची

घोडी नकोच आत्ता. मैत्रीण अकलूजचं नाव काढलं तरी विषय बदलते. गाढव मात्र आवडलं मला. कुठे मिळेल?

मेंढपाळ_बारामती

जेजुरीला. पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतोय, लांबलांबून येत्यात. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड तट्टावर, भीमथडीची तट्टं, मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जातो आम्ही. आता त्या जातीला सरकारनं मान्यता दिली, आमच्या बापजाद्यांना ती जात आहे हेच ठाऊक नव्हतं, ते तिला नुसतं तट्टू म्हणायचे. तट्टू वाटंत मेलं तर तिथंच पुरतो, वर दगूड ठेवतो, दुसऱ्या वर्षी त्या वाटंनं जाताना म्हातारी माणसं थांबून हळद टाकत्यात. पण बिऱ्हाड त्याच दिवशी हलतंय, मेंढरं थांबत न्हाईत.

खूर_डॉक्टर

गाढव आणाल तर दोन गोष्टी. गाढवाच्या फुप्फुसात जंत असू शकतात, त्याला स्वतःला काही होत नाही, शेजारच्या घोड्याला मात्र खोकला लागतो. त्यामुळे आल्या आल्या लेंडी तपासून जंताचं औषध, मगच एका कुरणात. दुसरं, गाढवाला गाढवाची सोबत लागते, शक्यतो जोडी घ्या.

पेठेतला_प्राणी

म्हणजे एका घोड्याला कंपनी म्हणून दोन गाढवं. आमच्या ऑफिसात हेच चालू आहे.

मुठाकाठची

😂 बऱ्याच दिवसांनी हसले. मामांना विचारलं गाढवांचं, ते म्हणाले "मी घोड्याचा सईस आहे." मग थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, नर की मादी?

मेंढपाळ_बारामती

माद्या घ्या, दोन्ही. पौर्णिमेला मी जेजुरीत असतोच, बघून देतो. दात बघता येतात का तुमाला?

मुठाकाठची

घोड्याचे येतात.

मेंढपाळ_बारामती

मग जमतंय. मामांनाबी आणा. भाव मात्र मला करू द्या, तुमी पुण्याच्या हायसा हे तोंड उघडलं की कळतंय.